दुखण्याची हजेरी

आधी दिवस आणि जबाबदार व्यक्ती सांगतो. नेमक्या तारखा, जावक क्रमांक आणि पोचपावत्या माझ्या फाइलीत आहेत. मागेल त्यास दाखवीन. येथे मात्र गावातल्या माणसाला आठवतील अशाच खुणा देतो.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतरचा सोमवार. आमच्याकडील हँडबॉल संघटनेने संघनिवडीची लेखी नियमावली मंजूर केली. जबाबदार: अध्यक्ष, ज्यांनी ती न वाचता सही केली.

त्यानंतरच्या संक्रांतीआधीचा रविवार. राज्य शिबिरासाठीच्या निवड चाचणीत जाम गावची वैशाली कलम चारखाली अपात्र ठरली. जबाबदार: निवड समितीचे तीन सदस्य, ज्यांची नजर मैदानावर नव्हती, हातातल्या घड्याळावर होती.

त्याच आठवड्यातला शुक्रवार. तिच्या प्रशिक्षकांना, म्हणजे सरांना, प्रशिक्षणातून दूर केल्याचे पत्र निघाले. जबाबदार: सचिव.

यंदाच्या होळीनंतरचा मंगळवार. सर गेले. यास कोणी जबाबदार नाही. हृदय बंद पडले असे डॉक्टरांनी लिहिले आहे आणि त्या कागदावर माझा आक्षेप नाही.

जबाबदारांच्या यादीतील शेवटची व्यक्ती मी स्वतः आहे. कलम चार मी लिहिले. हे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे सांगणार आहे ते मी स्वतःच्या बचावासाठी सांगतो आहे असे कोणास वाटू नये. मी जिल्हा न्यायालयात अधीक्षक होतो. आरोपीने स्वतःविषयी काढलेले गोड उद्गार पुराव्यात धरत नाहीत, एवढे मला कळते.

सर माझे भाडेकरू होते. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली आणि पुढे गच्ची आहे. तेथे ते पंधरा-सोळा वर्षे राहिले. एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवीत आणि शाळेआधी व शाळेनंतर हँडबॉल. लग्न झाले होते की नव्हते, हे मी कधी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. तरुणपणी ते राज्याच्या संघात उजव्या हाताने गोल मारणारे बॅक होते. उडी मारून, हवेत असताना, दोन बचावपटूंच्या डोक्यांवरून चेंडू फेकणे हे बॅकचे काम. असे काही हजार वेळा केल्यानंतर त्यांच्या खांद्याने काम करणे थांबवले. उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. नमस्कारही ते छातीच्या खालीच करीत, त्यामुळे नव्या माणसाला तो जरा उद्दाम वाटे.

मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची तार होती. पहिल्याच आठवड्यात माझ्या पत्नीने पाहिले की सर टॉवेल तारेवर टाकण्यासाठी दगडावर चढून डाव्या हाताने झटके देत आहेत. तिने मला काही न विचारता तार दीड हात खाली बांधून घेतली. त्यामुळे आमच्या चादरी जमिनीला लागू लागल्या. मी हरकत घेतली. ती म्हणाली, "चादर दुहेरी घाला जी. तिचा काई खांदा नाई मोडला."

सरांचा मुख्य सिद्धान्त असा, की हँडबॉल हा एक खेळ नाही. सात जागा म्हणजे सात निरनिराळे खेळ आणि सात निरनिराळी शरीरे. दोन्ही कोपऱ्यांवरचे विंग सर्वांत जास्त पळतात. चेंडू हातातून गेला की या टोकाकडून त्या टोकाकडे, आणि मग कोपऱ्यात स्वस्थ उभे. पुन्हा एकदम सुसाट. त्यांची मांडी मागच्या बाजूने जाते आणि घोटा जातो. बॅकचा खांदा जातो आणि ज्या पायावर तो उडीनंतर उतरतो तो गुडघा. मधला, जो सगळा डाव रचतो, त्याची मान. कारण तो सामनाभर मागे-पुढे पाहत असतो. गोलसमोर सहा मीटरवर एक अर्धवर्तुळ असते. त्या रेषेवर, शत्रूच्या दोन-तीन माणसांच्या मध्ये, गोलकडे पाठ करून उभा राहतो तो पिव्होट. तो फार पळत नाही. पण तासभर कोणी ना कोणी त्याला ढकलत, ओढत, खाली दाबत असते आणि तो तसूभर हलत नाही. त्याच्या बरगड्या, कंबर, दोन्ही गुडघे. आणि गोलकीपर. काही हातांच्या अंतरावरून आलेला चेंडू तो हाताने, पायाने, क्वचित तोंडानेही अडवतो. त्याचे कोपर उलटे वाकते, जांघ फाटते.

हे मला कसे ठाऊक, असा प्रश्न कोणी विचारील. मला खेळातले काही कळत नाही. पण सोळा वर्षांचा पुरावा माझ्याच घरात तयार झाला आहे.

न्यायालयाबाहेर एक शिक्के बनवणारा बसतो. एके दिवशी सर मला तेथे घेऊन गेले आणि म्हणाले, "साहेब, यायले तुमच्या भाषेत सांगा. मले मानसाचा शिक्का पायजे." शिक्केवाल्याने विचारले, कोणत्या माणसाचा, हुद्दा काय? सर म्हणाले, "हुद्दा नाई. नुसतं अंग. डोकं, हात, पाय. समोरून." पुष्कळ वाटाघाटींनंतर अंगठ्याएवढ्या माणसाचा रबरी शिक्का तयार झाला. शाईच्या गादीवर दाबून तो वहीत उमटवला की हात किंचित पसरलेला एक रिकामा माणूस तयार होई. सर प्रत्येक सामन्यानंतर वहीत सात माणसे उमटवीत आणि लाल पेन्सिलीने दुखणे दाखवीत.

यालाच मुले दुखण्याची हजेरी म्हणत. सामना जिंकला की हरला, हे सर विचारीतच नसत. सातही जणांना रांगेत उभे करीत, वही उघडीत आणि जागेच्या नावाने पुकारा करीत. मुलामुलींच्या एका सराव सामन्यानंतर मी स्वतः ऐकलेली हजेरी अशी:

"गोलकीपर?"

"कोपर, सर. डावं."

"बरोबर. उजवा बॅक?"

"खांदा, सर."

"बरोबर. डावा विंग?"

"बरगडी, सर."

सरांनी पेन्सिल थांबवली. "बरगडी? विंगची बरगडी काऊन दुखते? तू कोपरा सोडून आत गेलतास."

"एकच डाव गेलतो, सर."

"एकच डाव! पिव्होटच्या घरात घुसते अन् मंग बरगडी दुखते म्हन्ते. दुसऱ्याचं दुखणं चोरलं तू. दुखणं जागेवर पायजे."

मुले हसू दाबत होती. मग शेवटच्या मुलीची पाळी आली. ती ऐटीत म्हणाली, "मले काईच दुखत नाई, सर."

सरांनी तिच्या नावापुढे काट मारली. "म्हंजे तू आज आलीच नाई. गैरहजर."

कोणी यावरून असे समजू नये की ते मुलांना दुखवून घ्यायला शिकवीत. लाल खूण दोन सामने एकाच जागी दिसली की सर त्या मुलाला स्वतःच्या स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेत आणि पुढच्या सामन्यात उतरू देत नसत, मग अंतिम सामना का असेना. त्यांचा स्वतःचा खांदा कोणी वेळेवर विचारला नव्हता, एवढेच ते कधीतरी बोलले होते. त्यापुढे नाही.

प्रत्येक शरीराची मशागत निराळी. विंगना ते बसने पवनारला नेऊन धाम नदीच्या रेतीत पळवीत. पिव्होटना रेतीच्या पोत्यांशी झोंबायला लावीत. गोलकीपरना भिंतीपुढे उभे करून डाव्या हाताने टेनिसचे चेंडू मारीत आणि ओरडत, "डोये नाई मिटाचे! मिटले तर गोल, उघडे तर नुसतं लागते." बॅकच्या खांद्यांसाठी सायकलच्या ट्यूबा ते माझ्या खिडकीच्या गजांना बांधीत. एक गज सैल झाला. मी त्यांना रीतसर नोटीस दिली: भाडेकरूने मालमत्तेची हानी केल्याबाबत, सात दिवसांत खुलासा करावा. तिसऱ्या दिवशी नोटीस परत आली. मागच्या कोऱ्या बाजूस शिक्क्याचा एक माणूस उमटवला होता, खांद्यावर लाल खूण आणि खाली: "खिडकी. उजवा बॅक. आराम द्या." माझी पत्नी इतकी हसली की तिला पाणी द्यावे लागले. तो कागद मी नस्तीबद्ध केला आहे.

जागा ठरवण्याची ही सवय मैदानापुरती नव्हती. बसचा वाहक, बँकेतला रोखपाल, लग्नातला नवरदेव, सर कोणालाही सोडीत नसत. पंगतीत बसून माझ्या कानाशी म्हणत, "नवरदेव विंग हाये, साहेब. कोपऱ्यात उभा राहीन, हाक मारली की पळीन." पत्नीने एकदा विचारले, "अन् मी कोन जी, सर?"

"वहिनी, तुम्ही सेंटर. या घरातला बॉल तुमच्या हातातूनच जाते."

"अन् हे?"

"साहेब गोलकीपर."

मी विचारले, कोणत्या आधारावर? सरांनी चहाची बशी खाली ठेवली. "सहा जन पळतेत, धडकतेत, पडतेत, अन् एकमेकाले हात देऊन उठवतेत. गोलकीपरले कोन उठवनार? तिथवर जाते कोन? अन् गोल झाला की बॉल जाळीतून तोच काढते. सगळ्यायकडे पाठ करून."

पत्नी हसायची थांबली. मला राग आला होता. त्या वेळी का, ते समजले नव्हते.

वैशाली सापडली ती आम्ही एका लग्नास समुद्रपूरला जात असताना. बस जामच्या चौकात थांबली. हमरस्त्याच्या कडेला एक पंक्चरचे दुकान होते आणि चौदा वर्षांची एक जाडगेली मुलगी ट्रकचे चाक गुडघे वाकवून, कंबरेच्या रेट्याने फिरवीत होती. चाक तिच्याहून जड असावे. ते घसरले, ती हलली नाही. सर बसच्या खिडकीतून ओरडले, "पिव्होट!" आणि खाली उतरले. मागून मीही उतरलो. बस गेली.

सर त्या मुलीभोवती एक चक्कर मारून तिच्या पायांची ठेवण पाहू लागले. दुकानातून तिचे वडील पाना हातात घेऊन आले. "काऊन जी, पोट्टी हाये का गाडी? चकरा मारून काय पाहून राह्यले?"

"तुमची पोरगी कोनाले हालत नाई."

"तिची माय बी हेच म्हन्ते," वडील म्हणाले. "सकाळी उठवून पाहा."

तेवढ्यावरून सर तेथे दोन तास बसले. हँडबॉल म्हणजे काय, हे त्यांनी टायर मांडून समजावले. लग्नाचे जेवण हुकले. वडिलांनी आम्हांला कांदा, चटणी आणि भाकर खाऊ घातली आणि निघताना मला विचारले, "तुम्ही कोन जी, यायचे वकील?"

"मालक," मी म्हणालो.

"गोलकीपर," सर म्हणाले.

त्यानंतर ती मुलगी दोन वर्षे जामहून बसने वर्ध्याला येत राहिली. हजेरीत तिचे उत्तर कधी चुकले नाही. बरगडी, कंबर, गुडघे. सर म्हणत, "अशी पोरगी मी खेळत असतानी मह्या पुढं असती, तर मह्या खांद्याले इतक्या उड्या माराच लागल्या नसत्या. तिनं वाट केली असती."

आता कलम चार.

ज्या वर्षी ते लिहिले त्याच वर्षी श्रावणात माझी पत्नी गेली. तेरावे झाले, पाहुणे गेले, मुलगा पुण्याला परतला. दुपारी मी पुढच्या खोलीत बसलो असता सर जिना उतरून आले. हातात वही आणि लाल पेन्सिल. दारातच उभे राहून त्यांनी विचारले, "साहेब, कुठं दुखून राह्यलं?"

मी म्हणालो, "हे तुमचे मैदान नाही, सर. वर जा."

ते गेले. त्यानंतर त्यांनी मला तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

दिवाळीच्या सुमारास बाजारपेठेतील एक कापडाचे व्यापारी माझ्याकडे आले. त्यांच्या मुलाला सरांनी संघातून वगळले होते. ते म्हणाले, "साहेब, हा मानूस पोट्ट्यायचे पाय पाहून निवड करते. काही कायदा हाये का नाई?" त्यांची तक्रार मला रास्त वाटली, आजही निराधार म्हणणार नाही. कारण न सांगता केलेली निवड म्हणजे मनमानी. संघटनेने मला नियम लिहून द्यायला सांगितले आणि मी दोन दिवसांत लिहिले. कलम चार असे: "खेळण्याच्या जागेचा विचार न करता प्रत्येक उमेदवाराने धावचाचणीचा ठरावीक टप्पा पूर्ण करणे बंधनकारक राहील. यास अपवाद नाही."

धावचाचणी म्हणजे वीस मीटर अंतरावर भोंग्याच्या आवाजासरशी पलीकडे जायचे, पुढच्या आवाजाला अलीकडे यायचे. आवाजांमधला वेळ कमी होत जातो. ज्याला रेष गाठता येत नाही तो बाहेर. मला ही चाचणी न्यायाची वाटली. तीत ओळख चालत नाही, वशिला चालत नाही. शेवटचे वाक्य लिहून मी पेनाचे टोपण लावले तेव्हा पत्नी गेल्यापासून प्रथमच मला समाधान वाटले होते. सरांवरच्या रागाचा त्या वाक्याशी संबंध नव्हता, असे मी शपथेवर सांगू शकणार नाही.

सरांनी मसुदा वाचला आणि खाली आले. "साहेब, सात जागा हायेत. तुम्ही आठवी बनवली. ती कोनीच खेळत नाई."

"नियम सर्वांना सारखा असावा, सर."

"सारखा नाई हा. हा विंगचा नियम हाये. विंगच्या अंगानं तुम्ही पिव्होटले मोजून राह्यले, गोलकीपरले मोजून राह्यले. उद्या पिव्होटचा नियम बनवा अन् विंगले म्हना, दोघायच्या मधात उभा राह्य. किती टिकते पाहू."

मी म्हणालो की हरकत लेखी द्यावी. ते लेखी देणारे नव्हते. त्यांचे सर्व लेखन म्हणजे रबरी माणूस आणि लाल पेन्सिल. ज्या सोळा वर्षांच्या वह्या त्यांची हरकत ठरल्या असत्या, त्या मी तेव्हा मागितल्या नाहीत. मला ठाऊक होते की त्या वर आहेत. हा माझा दुसरा अपराध.

संक्रांतीआधीच्या रविवारी मैदानावर टेबल, तीन खुर्च्या सदस्यांच्या आणि एक माझी, नियमांचा सल्लागार म्हणून. वैशाली दोन फेऱ्यांनी कमी पडली. भोंगा वाजला तेव्हा ती रेषेपासून हातभर अंतरावर होती. संघातली गोलकीपर मुलगीही बाद झाली. समितीने नावे खोडली.

सर मैदानाच्या मध्यात गेले आणि त्यांनी शिट्टी मारली. चाचणीत पहिल्या आलेल्या सहा मुलींना बोलावले. वैशालीला सहा मीटरच्या रेषेवर उभे केले आणि म्हणाले, "हिले हालवा." एकीने रेटले. दोघींनी रेटले. तिघींनी रेटले तेव्हा वैशालीचा एक पाय वळला. तिने तो परत जागेवर आणला आणि त्याच वेळी सरांनी डाव्या हाताने फेकलेला चेंडू एका हातात झेलून, वळून, गोलमध्ये टाकला. बाहेर उभी मुले ओरडू लागली. समितीतले एक सदस्य म्हणाले, "सर, कुस्तीचा आखाडा तिकडं हाये." सर त्यांच्या टेबलापाशी आले. "तुमची कोनती जागा जी? तुमचं काय दुखते?"

हसणे वाढले. तेव्हा दुसऱ्या सदस्यांनी माझ्याकडे वळून विचारले, "साहेब, तुम्हीच सांगा. नियम काय म्हन्ते?"

सर माझ्याकडे पाहत होते. वैशाली रेषेवरच उभी होती, तिला कोणी बाजूला व्हायला सांगितले नव्हते. मी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "यास अपवाद नाही."

शुक्रवारी सरांना पत्र आले: शिस्तभंग, प्रशिक्षणास मनाई.

त्यांनी खोली सोडली नाही, यावर पुष्कळांनी आश्चर्य व्यक्त केले. सोडली असती तर मला सोपे झाले असते. ते रोज संध्याकाळी स्कूटर घेऊन मैदानाच्या कुंपणापर्यंत जात, बाहेर उभे राहून खेळ बघत आणि परत येत. चहाला खाली येणे बंद झाले. जिन्यात भेटले तर "नमस्कार, साहेब," एवढेच. तोही छातीच्या खालचा. एका घरात दोन माणसे, दोघांच्या पातेल्यांचे आवाज दोघांना ऐकू येत, आणि मागची तार एकच. सोमवारी त्यांचे कपडे, मंगळवारी माझे. चौदा महिने असेच.

त्यांच्या शोकसभेत संघटनेने दोन ओळींचा ठराव केला. सचिव म्हणाले की सर म्हणजे चालतेबोलते विद्यापीठ होते. मी उठून विचारले की मग कलम चारचे काय? त्यांनी सांगितले की हा प्रसंग तो नव्हे. मी तीन पत्रे लिहिली. पहिल्या दोहोंस उत्तर नाही. तिसऱ्यास एका वाक्याचे उत्तर आले: नियमावलीत स्पष्ट नमूद केल्यानुसार यास अपवाद नाही. माझेच वाक्य मला परत मिळाले. नोकरीत असताना अशी उत्तरे मी हजारोंना पाठवली. हातात पडल्यावर ती किती हलकी लागतात, हे ठाऊक नव्हते.

सरांच्या खोलीचा ताबा घेण्यास कोणी नातलग आले नाही. मी रीतसर पंचनामा केला: स्कूटर एक, शिट्ट्या चार, सायकलच्या ट्यूबा, शिक्का, वह्या. वह्या मी खाली आणल्या आणि एकेक वाचल्या. सोळा वर्षांत कोणत्याही विंगची, बॅकची, पिव्होटची, गोलकीपरची खूण मोजून पाहा. मुले बदलतात, दुखणे जागा बदलत नाही. एवढा सुसंगत पुरावा मी न्यायालयात क्वचितच पाहिला.

शेवटची वही निराळी होती. तीत प्रत्येक पानावर एकच माणूस उमटवला होता, आणि त्याच्यावर कोठेही लाल खूण नव्हती. पहिले पान त्या श्रावणातले. खाली लिहिले होते: "खालचे गोलकीपर. सांगत नाई." पुढच्या रविवारी पुन्हा: "खालचे गोलकीपर. सांगत नाई." दर रविवारी. निवड चाचणीच्या रविवारी: "खालचे गोलकीपर. आज बोलले, पन ते नाई." मला वाटले होते की यानंतर पाने कोरी असतील. पुढच्या रविवारी पुन्हा माणूस होता. होळीपर्यंत प्रत्येक रविवारी होता. ज्या माणसाशी त्यांनी बोलणे सोडले असे मी समजत होतो, त्याची हजेरी ते घेत होते आणि त्याला एकदाही गैरहजर लावले नव्हते.

गेल्या आठवड्यात मी जामला गेलो. वैशाली दुकानामागे उभे टायर एकमेकांना बांधून त्यांच्या भोकांतून चेंडू मारीत होती. मला पाहून तिने चेंडू खाली ठेवला.

"साहेब, त्या दिवशी तुम्हीच म्हटलं होतं ना, अपवाद नाई?"

मी हो म्हणालो. पिशवीतून पत्रांच्या प्रती काढल्या. तिने हात पुढे केला नाही.

"मले कागद नोको. तिथं सगळ्यायपुढं बोलले, आता घरी येऊन कागद देऊन राह्यले? पुढच्या महिन्यात चाचणी हाये. या वयाच्या गटात महं शेवटचं साल हाये. बोलाचं असन तर तिथं बोलजा."

तिचे वडील आतून म्हणाले, "पोट्टे, साहेबायले पानी तर देजो."

तिने पाणी दिले. मी पेला परत देताना तिने माझ्याकडे नीट पाहिले आणि सवयीने विचारावे तसे विचारले, "तुमचं काय दुखते, साहेब?" मी पत्रांच्या प्रती पिशवीत परत ठेवल्या. तिने वाट पाहिली, मग चेंडू उचलला.

मागची तार मी अजून वर घेतलेली नाही. चादर दुहेरी घालतो.

सबब माझी मागणी पुढीलप्रमाणे. जे वाक्य मैदानावर उच्चारले गेले ते लिफाफ्यातून मागे घेता येत नाही. पुढच्या महिन्यात चाचणीच्या दिवशी, पहिला भोंगा वाजण्यापूर्वी, मी टेबलासमोर उभा राहीन. सोळा वर्षांच्या वह्या आणि शिक्का माझ्याजवळ असतील. मी सांगेन की कलम चार मी लिहिले, ते चुकीचे आहे, आणि त्या रविवारी मी ते ज्या आवाजात म्हणालो त्याच आवाजात मागे घेतो. मग माझी हजेरी देईन. जागा गोलकीपर. कोठे दुखते ते येथे लिहीत नाही. हजेरी तोंडी द्यायची असते.

त्यानंतर पाळी सचिवांची. पत्राने नको, ठरावाने नको, हा प्रसंग तो नव्हे असे म्हणून नको. वैशालीसह सात मुली आपापल्या जागांवर उभ्या राहतील. सचिवांनी त्यांच्यासमोरून एकेक पाऊल चालत जावे आणि प्रत्येकीपाशी थांबून, मैदानाबाहेरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असे सांगावे: ही चाचणी तुझ्या अंगाची आहे, की नाही.